बर्फ पडताना सोबतीला

आमच्याकडं बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याचा. गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिच्यावर तो दणादणा हातोडी घालतो आणि आपण ओरडतो, बर्फ कमी टाक रे बाबा, पैसे रसाचे दिलेत. माझा आणि बर्फाचा संबंध एवढाच. तो आभाळातून पडतो, पडायच्या आधी त्याची वर्दी येते, आणि माणसं दूध-पाव भरून ठेवून खिडकीत त्याची वाट बघत बसतात, हे मला लेकीमुळं कळलं. आणि ती वाट एक दिवस मीही बघत बसेन, केडगावच्या अलीकडच्या वस्तीवर, ओसरीत बसून, हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, दिली इकडं दौंडला. मालक रांजणगावला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. ते गेले आणि तेव्हापासून घरात मी आणि गोठ्यात गाय. बोलायचं झालं तर गाईशी बोलते. ती निदान मधेमधे बोलत नाही. वस्तीवर चार घरं आहेत, पण मधे ऊस उभा राहिला की शेजारचं घर दिसतसुद्धा नाही, नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज येतो. त्या शिट्टीवरून मी ओळखते की अजून माणसं आहेत.

लेक एकुलती. शिकली, पुण्यात नोकरीला लागली, लग्न झालं आणि दोघं कॅनडाला गेली. गेल्या जानेवारीत तिला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यावर आमच्यात चर्चासुद्धा होत नाही. पोरगी सातव्यात येते, तिचं खाणंपिणं, शेक-शेगडी सगळं आई बघते आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की सासरी पाठवायचं. ती यायची ठरलीही होती. ऐनवेळी डॉक्टरनं सांगितलं, विमानात बसायचं नाही. मग मी जायचं ठरलं, तर माझा व्हिसाच वेळेत होईना. डिंकाचे लाडू केलेले, खारकेची पूड, बाळंतशेपा, झबली, सगळं पिशवीत भरून तयार. ती पिशवी कपाटात दिसली की माझं डोकं फिरायचं. राग कुणाचा यायचा ते मात्र सांगता यायचं नाही.

तर त्या दिवशी मी संध्याकाळी धार काढून आत आले आणि फोन वाजला. इकडं संध्याकाळ असली की तिकडं सकाळ असते.

“आई, घाबरू नकोस हं,” तिनं सुरुवातच अशी केली. घाबरू नकोस म्हटल्यावर माणसानं दुसरं करायचं काय?

“आज रात्री इकडं मोठं बर्फाचं वादळ येणारे. तशी दरवर्षी येतात, पण हे फार मोठं आहे म्हणतायत. शाळा-ऑफिसं आधीच बंद करून टाकलीत.”

“मोठं म्हंजी किती? गुडघाभर?”

“काही ठिकाणी कंबरेएवढा बर्फ साचेल.”

“आन् जावईबापू कुठायत?”

“तो कामासाठी दुसऱ्या शहरात गेलाय गं. दुपारच्या ट्रेननं निघतोय. वादळाच्या आत घरी येईल.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. नववा महिना लागलेल्या बायकोला सोडून हा माणूस कामाला जातो? मालकांनी असं केलं असतं तर मी उंबऱ्यात पाऊल ठेवू दिलं नसतं. पण जावयाला बोलायची सोय नसते, म्हणून मी लेकीलाच बोलले. तिनं ऐकून घेतलं. तिला माझी सवय आहे.

आता ही सोबतीची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर मी पुढं असं का वागले ते कळायचं नाही. आमच्या भागात कुणी बाई घरात एकटी असली की दुसरी बाई तिच्याकडं रात्री निजायला जाते. त्याला सोबतीला जाणं म्हणतात. माझ्या माहेरी शिरूरकडं बिबट्याचा धाक, त्यामुळं तिथं तर हे फारच. पुढं रांजणगावच्या कंपन्या आल्या, घराघरातले बापे तिसऱ्या पाळीला जायला लागले आणि बायका एकमेकींकडं वाकळ काखेत मारून जायला लागल्या. सोबतीला आलेली बाई काही करत नाही. ती लाठी घेऊन येत नाही की औषध घेऊन येत नाही. नुसती शेजारी पडते. मधेच कूस बदलते, खोकते, “जागी हाय का गं?” म्हणून विचारते, बस. पण तेवढ्यानं रात्र निघते. आणि पोटुशी बाई असली तर मग विचारायलाच नको. दोन जिवांच्या बाईला एकटं ठेवायचं नाही म्हणजे नाही. आमच्याकडं वैरी असला तरी एवढं पाळतो.

म्हणून मी लेकीला म्हटलं, “शेजारच्या बाईला आज निजायला बोलाव.”

“आई, इथं असं नसतं.”

“शेजारी हाय का कुणी?”

“आहे एक बाई. तिच्याकडं कुत्रा आहे.”

“नाव काय तिचं?”

“कुत्र्याचं माहितीये.”

मी कपाळाला हात लावला. चार वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहतायत आणि हिला कुत्र्याचं नाव माहीत, बाईचं नाही! “जा, आत्ता दार वाजव,” मी म्हटलं. “विरजण माग. न्हाईतर साखर माग. बायामाणसाला बोलायला काय लागतं?”

“आई, इथं लोक कुणाचं दार असं वाजवत नाहीत. आणि मी काही तान्ही नाहीये. तो येतोय संध्याकाळी.”

पुढं मग मी वाद घातला नाही. रात्री पडून राहिले एवढंच, झोपले असं म्हणवत नाही.

उजाडायच्या आत मीच फोन केला. तिकडं संध्याकाळ झालेली. तिनं लॅपटॉपवर घेतला, म्हणजे मला तिची सगळी खोली दिसायला लागली. सोफा, मागं मोठी खिडकी, खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा. तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं.

“ट्रेन मधेच थांबवलीय,” ती म्हणाली. “पुढं रुळांवर काहीतरी झालंय. तो म्हणतोय, निघेल थोड्या वेळात.”

“बर्फ?”

“अजून नाही.”

मी म्हटलं, “मग आता असं कर. हा फोन ठेवायचा न्हाई. मी बसते सोबतीला.”

तिला हसू आलं. “फोनवर?”

“फोनवर तर फोनवर. तू झोप, बस, खा, काय बी कर. मी हितंच हाय.”

तिला वाटलं मी गंमत करते. मग तिनं लॅपटॉप टेबलावर नीट उभा केला, माझ्या फोनचं नेट संपू नये म्हणून तिकडूनच जादाचा रिचार्ज मारला आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. आणि आम्ही दोघी वाट बघायला लागलो.

वादळाची वाट बघणं मला काही नवं नाही. आमच्याकडं वळवाचं वादळ यायचं असलं की आधी दम कोंडतो, मग धुळीचा लोट उठतो, पत्रे खडखडतात, गुरं दावं ओढायला लागतात. कळतं येतंय म्हणून. आपण धावपळ करतो, कडबा झाक, वाळवण उचल, आणि त्या धावपळीत भीती निघून जाते. तिथं तसलं काहीच नव्हतं. आभाळ विटकरी-गुलाबी दिसत होतं, शहराच्या दिव्यांमुळं दिसतं म्हणे तसं. रस्त्यानं चिटपाखरू नव्हतं. एकदा एक माणूस दुधाचे कॅन की काय घेऊन भराभर गेला. पान हलत नव्हतं, कारण झाडांना पानंच नव्हती.

“हे वादळ हाय व्हय?” मी विचारलं.

“थांब गं,” ती म्हणाली. “ते असंच येतं.”

आणि मग आलं. आधी मला वाटलं फोनची काच खराब झाली, म्हणून पदरानं पुसली. पिठाच्या गिरणीत दारातून ऊन आत आलं की हवेत पीठ तरंगताना दिसतं ना, तसं दिव्याखाली काहीतरी तरंगायला लागलं होतं. थोडंसंच. मग जास्त. मग समोरचं घर दिसेना.

मी कान देऊन ऐकत होते. काही नाही.

“आवाज न्हाई का गं त्याला?”

“नाही आई. अजिबात नसतो.”

ह्याचं मला फार वाईट वाटलं. का ते सांगते. गारा पडल्या की आमचा पत्रा असा वाजतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण माणूस त्या आवाजाला दोन शिव्या तरी घालू शकतो. एवढं मोठं संकट, रेल्वे बंद करणारं, माणसाला बायकोपासून तोडणारं, आणि ते असं मुकाट्यानं पडत राहतं? आणि माझी पोर त्याच्याकडं पाठ करून पोटावर हात ठेवून बसलेली. मला राहवेना.

आमच्या सासूबाई गारा सुरू झाल्या की अंगणात कुऱ्हाड फेकायच्या. गारा थांबतात म्हणायच्या. मी नवी होते तेव्हा त्यांना हसायची. त्या दिवशी मी उठले, दाराआडची कुऱ्हाड घेतली आणि अंगणात फेकली. कोरडं ठणठणीत अंगण, वर स्वच्छ आभाळ, कोवळं ऊन. नेमका तेव्हाच दूधवाला टेम्पो घेऊन आला. आमच्याकडं तो सगळ्या वस्त्यांचं दूध गोळा करून नेतो.

“मावशी, साप हाय का?” तो टेम्पोतूनच ओरडला.

“न्हाई. बर्फ हाय.”

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं आणि रिकामे कॅन उतरवायला लागला.

लेकीनं हे सगळं ऐकलं होतं. “काय केलंस गं आई?”

“सरपण फोडतीये. तू जेव.”

पण त्याच वेळी माझ्या लक्षात आलं की फोनचं चार्जिंग तळाला चाललंय आणि घरात लाईट नाही. पहाटे विजेचा डीपी उडालेला, वायरमन कधी येणार ते त्यालाच ठाऊक. म्हणजे तासाभरात माझी सोबत संपणार. दूधवाल्याला म्हटलं, मला चौफुल्याला सोड. त्यानं पुढं बसवलं. चार्जर पिशवीत, फोन हातात, आणि फोनात लेक आणि तिच्यामागचा बर्फ, अशी मी निघाले. खाचखळग्यातनं टेम्पो उडायला लागला की मी फोन दोन्ही हातांनी धरायची. जणू इकडं हिसका बसला तर तिकडं तिला लागेल.

चौफुल्याला हायवेच्या कडेला एक चहाची टपरी आहे. तिथं इन्व्हर्टर आहे, हे मला माहीत होतं. टपरीवाल्यानं बोर्डाजवळची खुर्ची दिली. मी फोन लावला, एक चहा सांगितला आणि बसले. तोवर लेकीचा डोळा लागला होता. बर्फ चांगलाच वाढला होता, आता वाराही सुटला होता आणि तो आडवा पळत होता. खिडकीच्या खालच्या पट्टीवर पांढरा थर चढलेला.

फोन बोर्डाला टेकवून उभा केलेला, त्यामुळं सगळ्यांना दिसत होता. आधी एक ट्रकवाला वाकला. “काय मावशी, पिक्चर?” मग पहिल्या पाळीला निघालेली पण बस चुकलेली दोन पोरं. मग भाजीवाला. बिहारकडचा एक कामगार होता, त्यानं विचारलं, “अम्मा, ये असली है?” मी म्हटलं, “असली नाही तो क्या नकली? मेरी लडकी का घर है.” झालं. जो तो मान घालायला लागला. “आयला, कसला पडतोय!” “आत्ता चालूय का हे? आत्ता?” “तिकडं रात हाय व्हय?” चहा गार होत होते आणि पाच-सहा बापे माझ्या फोनभोवती. मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, एवढी माणसं बऱ्याच दिवसांत माझ्याजवळ बसली नव्हती. आणि मग माझ्या लक्षात आलं की बर्फाच्या अलीकडं माझी लेक झोपलेली आहे, तोंड उघडं, पोट वर आलेलं, पांघरूण सरकलेलं. मी फटकन हात आडवा धरला.

“बर्फ बगा, पोरगी बगू नका!”

सगळे खो-खो हसले. ट्रकवाला म्हणाला, “मावशी, पोरगीच्या मागं हाय ना बर्फ, आता काय करायचं?” मी पिशवीतला रुमाल काढला आणि अर्ध्या फोनवर टाकला. वर बर्फ, खाली रुमाल. पण थोड्या वेळानं सगळ्यांचं बघून झालं. ट्रक गेला, पोरांना दुसरी बस मिळाली, भाजीवाला उठला. बर्फ तर पडतच होता, पण कोणी किती वेळ बघणार? त्यांची लेक नव्हती ती. मी रुमाल काढला.

तेवढ्यात ती एकदम उठून बसली आणि कण्हायला लागली. “काय झालं? कळ आली का? कंबरेत का पोटात?”

“पायात गोळा आलाय,” ती दात आवळून म्हणाली.

“अंगठा वर ओढ! आपल्याकडं ओढ. जोरात. हां.” मी टपरीत बसून आपलाच पाय ताठ केला होता आणि चप्पल गळून पडली होती. तिचा गोळा उतरला. आम्ही दोघी घामाघूम. मी इकडं, ती तिथं बर्फात.

“त्याची ट्रेन निघाली, आई. हळूहळू येतीये,” ती लॅपटॉपवरच मेसेज बघून म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली. माझा जीव जरासा भांड्यात पडला. पण फार वेळ नाही.

एक क्षण असा आला की बर्फ हवेत थांबला. जिथल्या तिथं. लेकही थांबली. मी म्हटलं रेंज गेली असेल. फोन हलवला. मग अख्खं चित्र काळं झालं आणि फोन कट झाला. नुसती माझ्या स्वतःच्या तोंडाची काळी सावली काचेत.

मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. टपरीवाला म्हणाला, “लाईट गेली असंल तिकडं. आपल्या हितं जाती तशी.” तो चांगल्या मनानं म्हणाला, पण मला सणकून राग आला. आपल्या इथं लाईट गेली तर डास चावतात. तिथं माणूस गोठतं! एवढं मलाही समजत होतं. जावयाला लावला, त्यांचा लागेना. तिच्या त्या शेजारणीचा नंबर असता तर? पण नंबर कसला, नावसुद्धा नव्हतं. कुत्र्याच्या नावाला काय करू मी?

काय करावं ते सुचेना म्हणून मी घरी निघाले. घरी जाऊन काय होणार होतं, देव जाणे. पण माणूस घाबरलं की घराकडंच जातं. माणसं भरत जाणाऱ्या वडापच्या जीपनं आमच्या फाट्यावर सोडलं. तिथून आत पाऊलवाट, दोन्ही अंगांना ऊस. ह्या वाटेला बिबट्या दिसलाय, म्हणून एकटी बाई सहसा ह्या वाटेला जात नाही. गेलीच तर मोठ्यानं बोलत किंवा फोनवर गाणी लावून. मी त्या दिवशी फोन कानाला लावून नुसती रिंग ऐकत चालले होते. टूं टूं टूं. मधेच देवाला शिव्या.

आणि उसाच्या मधोमध तिनं उचलला.

“आई? वायफाय गेलंय. लाईट गेलीय सगळ्या रस्त्याची. फोन बॅगेत होता, मी झोपेत होते.” अंधार होता. तिनं टॉर्च लावला तर तिचं नाक तेवढं दिसायला लागलं आणि टोपी. दोन जाकिटं घातलेली.

“थंडी वाजतीय का?”

“वाजतीये थोडी. ब्लँकेट घेतलीत सगळी.” मग म्हणाली, “आई, तू बोलत राहा ना. काहीपण बोल.”

आता मी भर दुपारी, डोक्यावर ऊन, दोन्हीकडं ऊस, वाटेत उभी. बसायला धोंडासुद्धा नाही. तरी तिथंच थांबले, कारण पुढं गेलं की ओढ्याजवळ रेंज जाते. आणि बोलायला लागले. काय बोलले ते आठवून आता हसू येतं. गाईला ह्या खेपेला कालवड होईल म्हणाले. गव्हाला पाणी द्यायचं राहिलंय म्हणाले. शेजारच्या पोरीचं लग्न मोडलं ते सगळं सांगितलं, मुलगी कशी, मुलगा कसा, कुणाचं चुकलं. टपरीवरच्या बाप्यांचं सांगितलं. रुमालाचं ऐकून ती हसली. तिचा हसण्याचा आवाज अंधारात आला आणि मला वाटलं, हे असं उन्हात उभं राहून मी आयुष्यभर बोलीन, नुसती ही अशी हसू दे.

मग ती म्हणाली, “आई, मी झाले तेव्हा तुला भीती वाटलेली?”

मी आपली बोलण्याच्या भरात खरं ते सांगून मोकळी झाले. “भीती? अगं, भीतीला जागा कुठं होती? मी माहेरी. आई होती, आत्या होती, चुलत्या होत्या, शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसलेल्या. एक पाठ चोळतीये, एक पाणी तापवतीये, एक नुसतीच ओरडतीये. एवढ्या बाया, मला तर वाटलं कधी एकदा ह्या जातायत.”

मी जीभ चावली. काय बोलून बसले मी!

“मला वाटतेय गं,” ती म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. “खूप वाटतेय.”

मी तिला धीर द्यायला हवा होता. शूर हाय माझी लेक, असलं काहीतरी. तोंडातून आलंच नाही. “मलाबी वाटतीय,” मी म्हटलं. “कालपास्नं नुसती भीती वाटतीय. मला तिथं यायचं होतं. तुझ्यापशी निजायचं होतं मला.” आणि मी रडायला लागले. तीही रडायला लागली. उसात उभी राहून मी भोकाड पसरलेलं, बिबट्या असता तर पळून गेला असता. रडून झाल्यावर दोघींना जरा बरं वाटलं. नाक पुसून मी पुन्हा गव्हाच्या पाण्यावर आले.

त्यानंतर फार बोललो नाही. ती पडून राहिली. मी मधेमधे विचारायची, “जागी हाय का?” ती “हूं” म्हणायची. तिनं एकदा टॉर्च खिडकीकडं फिरवला. खिडकी अर्ध्याच्या वर पांढरी झाली होती. रस्ता नव्हता, गाड्या नव्हत्या. जिथं गाडी असेल तिथं नुसता उंचवटा. सकाळी ते वादळ यायला लागलं तेव्हा मी बघितलं होतं आणि आता ते पूर्ण येऊन बसलं होतं, घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं, हलायचं नाव घेत नव्हतं.

आणि दार वाजलं. तिच्याकडचं. जोरात, मुठीनं.

ती उठली. फोन सोफ्यावर पडला, मला नुसतं छत दिसायला लागलं, तेही काळं. पावलं ऐकू आली, कडी ऐकू आली, मग तिची किंकाळी आणि मग हसणं. जावईबापू आले होते. स्टेशनपासून चालत आले होते, एवढ्या बर्फातून, एवढ्या वादळात! कालपासून ज्या माणसाला मी मनातल्या मनात झोडपत होते, त्याचे मला पाय धरावेसे वाटले. “वेडा आहेस का तू?” असं लेक म्हणत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते काहीतरी बोलत होते, दात वाजत होते त्यांचे. मग दोघं गप्प झाली. मी छताकडं बघत उभी. हाक मारावी की नको ते कळेना. नाही मारली.

किती तरी वेळानं त्यांना आठवण झाली. टॉर्चच्या उजेडात जावईबापूंचा चेहरा आला. भुवया पांढऱ्या, दाढी पांढरी, एकदम म्हातारे दिसत होते. हात जोडले त्यांनी. “आई! अजून आहात तुम्ही? एवढा वेळ बसलात?”

“पाय गरम पाण्यानं धुवा,” मी म्हटलं. “एकदम शेकाजवळ जाऊ नका.”

“हो. पण आता तुम्ही निवांत झोपा, आई. मी आलोय ना.”

त्यांच्याकडं रात्र होती, म्हणून ते तसं म्हणाले. माझ्या डोक्यावर दुपारचं ऊन होतं. मी म्हटलं, “व्हय. झोपते.” लेकीनं त्यांच्या खांद्यावरून हात हलवला, “ठेवते गं आई, उद्या बोलू.” तिचा चेहरा असा फुलला होता की मी तिच्या लग्नातसुद्धा तो तसा बघितला नव्हता. मग फोन बंद झाला.

मला पाहिजे होतं तेच झालं होतं. तिला सोबत मिळाली होती. मी खूश होते, शपथेवर सांगते, खूश होते. आणि त्या उसात मला असं एकटं वाटलं, असं एकटं, की मालक गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं तरी होती.

मी घरी आले. गाईला पाणी दाखवलं. दुपारी झोपायची मला सवय नाही, पण झोपते म्हणून सांगितलं होतं, म्हणून आत गेले आणि पडले. फोन उशाशी ठेवला, आवाज मोठा करून. तिकडं आता निजानीज झाली असणार आणि तो वाजायचा नाही, हे मला चांगलं कळत होतं.